काठीवरचा दोरा

संशय घेणं वाईट, असं म्हणणारी माणसं सांगोल्याकडच्या उन्हाळ्यात राहिलेली नसतात. आमच्या गावात टँकर यायचा तेव्हा आई मला घागरीपाशी उभी करून सांगायची, पाण्याकडं बघू नको, माणसांच्या हातांकडं बघ. तेव्हापासून मी हातांकडंच बघत आले आहे. त्यामुळं माझं फारसं कुणाशी जमलं नाही, पण माझी घागरही कधी कुणी हलवली नाही.

मी राजाबाई. अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळता सांभाळता निवृत्त झाले. नवरा सिद्धनाथ जाऊन बरीच वर्षं झाली. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांच्या एका गल्लीत आमचं घर आहे. घरात मी, मुलगा बिरुदेव आणि सून ऋतुजा. बिरुदेव चादरीच्या कारखान्यात फिटर आहे. ऋतुजा माढ्याकडची, उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली. सोयरीक जुळवायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी मुलगी बघितली. मी तिच्या घरामागं नजर पोचेल तिथवर पसरलेलं पाणी बघितलं आणि मनात म्हटलं, हिला पाण्याची किंमत कोण शिकवणार. मग ते काम मीच अंगावर घेतलं.

आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येतं. ऊन तापलं की पाच दिवसांआड, आणि कधी कधी नुसतं येणार येणार म्हणत राहतं. पाण्याला जोर नसतो, म्हणून प्रत्येकानं दारात खड्डा खणून नळ जमिनीखाली नेलेला आहे, आणि शेजारी जमिनीतच हौद बांधलेला आहे. एकदा हौदात पडलं की पुढचं पाणी येईपर्यंत तेवढ्यावर निभवायचं. आमच्या गल्लीतल्या बायकांची तर आणखी एक खोड. नवं पाणी आलं की जुनं शिळं झालं म्हणून मोरीत ओतून द्यायचं. भाकरी शिळी होते, भाजी शिळी होते, पाणी कसं शिळं होतं हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

माझ्या घरात असलं चालत नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, फरशीचं उरलेलं संडासात. पाहुण्याला पाणी द्यायचं ते अर्धा पेला, लागलं तर तो परत मागेल. आणि रोज सकाळी चहाच्या आधी काठी. ही काठी माझ्या सासऱ्यांची, मेंढरांमागं फिरायची. हौदाचं लोखंडी झाकण सारून ती उभी आत सोडायची आणि कुठपर्यंत भिजली ते बघायचं. तिला मी एक लाल दोरा बांधला होता. पुढचं पाणी यायच्या सकाळीसुद्धा ओल त्या दोऱ्याच्या खाली जाता कामा नये, हा घरचा कायदा.

होळीच्या सुमारास दोरा कोरडा राहायला लागला. मी काठी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ऋतुजाच्या पुढ्यात धरली.

"ह्ये बघ. कोण सांडतंय पाणी?"

"आत्या, नळालाच कमी येतंय," ती म्हणाली. आमच्यात सून सासूला आत्याच म्हणते.

"नळाला कमी येतंय का तुझा हात सैल सुटलाय?"

ती काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. त्या दिवसापासून ती अंघोळीला गेली की मी न्हाणीच्या बाहेर काहीतरी निवडत बसायला लागले. आत तांब्या बादलीत बुडल्याचा आवाज येतो, मग अंगावर पाणी पडल्याचा. डोकं धुवायच्या दिवशी तांबे वाढायचे. मग मी कडी वाजवायचे आणि म्हणायचे, "पुरं की." आतला आवाज तिथंच थांबायचा. एकदा तर ती केसांत तशीच शिकेकाई घेऊन बाहेर आली आणि उन्हात बसून वाळलेला भुगा बोटांनी काढत राहिली. मला वाईट वाटलं. पण मी हौदाकडं बघितलं आणि वाईट वाटणं आवरतं घेतलं.

बिरुदेव दोघींच्या मधे काही बोलायचा नाही. जेवायला बसला की ताटाकडं बघत जेवायचा.

पाडवा झाला आणि आमच्या घरात सुधारणा दिसायला लागली. दोरा ओला राहायला लागला. ऊन वाढत चाललं तरी ओला. नळाचं पाणी येऊन गेलं की हौद काठोकाठ. सगळ्या गल्लीच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना माझ्या हौदात मात्र तोंड दिसायचं. ऋतुजाचे केसही आता मोकळे आणि स्वच्छ असायचे, त्यांना वास यायचा साबणाचा. आधी मी त्यावरून चार दिवस तिच्यावर पाळत ठेवली. पण काठी काही तिच्याविरुद्ध बोलेना. मग मी मनाशी हिशेब लावला की मागचं शिल्लक असतं, त्यात नवं पडतं, हौद भरणारच. पोरगी शिकली. याला म्हणतात बचत, असं मी दोघांना जेवताना सांगितलंही. ऋतुजा भाकरी वाढायला उठली आणि बिरुदेवला ठसका लागला.

बिरुदेवचंही वळण बदललं होतं. पाणी यायच्या सकाळी तो माझ्या आधी उठायचा. "तू गल्लीतलं बघ, हितलं मी बघतो," म्हणायचा. मोबाइलवर मोठ्या आवाजात बिरोबाची ओवी लावायचा. बापाच्या पाठीमागं पोरगं देवाला लागलं म्हणून माझा ऊर भरून यायचा. मी पदर खोचून गल्लीत निघायचे. कुणाच्या दारात ओघळ आहे, कोण शिळं म्हणून ओततंय, कोण गाडी धुतंय, सगळं बघायचे आणि जिथल्या तिथं सुनवायचे. बचत गटाच्या बायकांनी मला एकदा मारुतीच्या देवळात बोलायला बोलावलं. मी काठी घेऊन गेले. घरात पाणी कसं वाचवायचं ते सांगितलं, लाल दोरा दाखवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

त्या कार्यक्रमात खांबाला टेकून सुंदरम्मा बसली होती. आमची भिंतीपलीकडची शेजारीण, अक्कलकोटच्या बाजूची, घरात कानडी बोलणारी. तिचा नवरा बसलिंगप्पा अर्धांगाच्या झटक्यानं खाटेला खिळलेला आहे. मूलबाळ नाही. मी दोरा दाखवत होते तेव्हा ती उठली आणि चपला घालून निघून गेली. मी बोलता बोलता तिच्या पाठीकडं बघत राहिले. दोऱ्याची गोष्ट निघाल्यावरच ही का उठली, ही खूणगाठ मी मनात बांधून ठेवली.

वैशाख लागला तशी गल्लीतल्या नळांची धार फारच बारीक झाली. टोकाच्या घरांना तर घागरभर मिळेना. बायका म्हणायला लागल्या की कुणीतरी नळाला मोटार लावली आहे. नळाच्या नळीला थेट मोटार जोडली की ती सगळ्या गल्लीचं पाणी आपल्याकडं खेचून घेते, आणि बाकीचे कोरडे नळ बघत बसतात. हा गुन्हा आहे. पण सापडायला ती दिसावी लागते, आणि लावणारा दार उघडं ठेवून लावत नाही.

दार म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. पाणी आलं की सगळी गल्ली दारात असते. एकटी सुंदरम्मा तेवढ्या वेळात पुढचं दार आतून लावून घेते. मी तिच्यावर नजर ठेवली आणि एकेक दिसत गेलं. तिच्या दोरीवर रोज धुतलेल्या चादरी असायच्या, थेंब गाळत असलेल्या. माणूस आजारी आहे हे मला कळतं, पण असल्या दिवसांत रोज चादरी धुवायला पाणी कुठून? तिच्या दारातली अबोली फुललेली, आमची तुळस काडी झालेली. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे भिंत. एकदा पाण्याच्या सकाळी मी गल्लीतून मधेच घरात आले, घोटभर चहा घ्यायला. ओवीचं कडवं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे स्वयंपाकघरातल्या भिंतीतून घूं असा बारीक आवाज आला. मी भिंतीला कान लावला. भिंत गुणगुणत होती. ती भिंत सुंदरम्माची आणि आमची सामाईक.

"ऐकलंस?" मी ऋतुजाला म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "काय, आत्या?"

"सुंदरम्माची मोटार. चोरटी मेली."

ऋतुजाच्या हातातली वाटी पडली. पोरगी भित्री आहे, भांडणाच्या नावानं हिला कापरं भरतं, असं मी समजले.

त्याच आठवड्यात सुंदरम्मा शेंगाची चटणी घेऊन आली. बिरुदेवनं पाडव्याला आमच्या दारात नवी पायरी बसवली होती, जाड शहाबादी फरशीची. तिच्यावर मी गहू निवडत बसले होते. ती पायरीकडं बघत उभी राहिली, बसली नाही.

"अक्का, तुमच्या घरचं एक बोलायचं हाय."

"माझ्या घरचं काय बोलतीस? तुझ्या घरचं बोल."

"पान्याचं हाय, अक्का."

"पाण्याचं सोडून काय बी बोल," मी म्हटलं. "त्याचं बोलणारी माणसं येत्याल तुझ्याकडं."

तिनं वाटी पायरीवर ठेवली आणि गेली. मला तेव्हा वाटलं, आली होती तोंड गोड करायला. चटणी मी खाल्ली नाही.

रात्री जेवताना मी जाहीर केलं की पाण्याच्या ऑफिसात तक्रार करणार. बिरुदेवचा हात ताटातच थांबला.

"आई, शेजाऱ्याशी कशाला वैर घेतीस? आजारी माणूस हाय घरात."

"आजारी हाय म्हणून चोरी माफ व्हय?"

"चोरी कशावरनं? तू बघितलीस का मोटार?"

"भिंत ऐकली की."

"कुणाचा राग कुणावर काढतीस तू," तो म्हणाला. "वड्याचं तेल वांग्यावर. सोड तो इषय. मी बघतो काय करायचं ते."

मुलाचं मन मऊ आहे, बापासारखं. हा जाऊन सुंदरम्माला सावध करणार, हे मी ओळखलं. म्हणून मग मी घरात त्या विषयाचा चकार शब्द काढला नाही. गल्लीतल्या चार बायका घेतल्या, रिकाम्या घागरी घेतल्या आणि ऑफिसात जाऊन बसले. तिथले साहेब तरुण होते. मी त्यांना घर सांगितलं, भिंत सांगितली. ते म्हणाले, पुढच्या पाण्याला येतो. मोटार लावलेली सापडली तर नळ तोडणार, आणि पावसाळा लागेपर्यंत परत जोडून मिळणार नाही. "चालंल," मी म्हटलं. बायकांना बजावलं की कुणाला बोलायचं नाही. माझ्या घरातसुद्धा नाही.

पाणी यायच्या दिवशी बिरुदेवला सकाळची पाळी लागली. तो लवकर निघून गेला. ओवी ऋतुजानं लावली. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. साहेब आले, बरोबर खणायला दोन माणसं, आणि पाणी सोडणारा अण्णाराव, हातात लांब लोखंडी चावी. मागं गल्लीतल्या बायका जमल्या. मी पुढं होते. मला लग्नाच्या वरातीत चालल्यासारखं वाटत होतं.

सुंदरम्माचं दार आतून बंद. हाक मारली, कुणी उघडेना. साहेबांनी खिडकी ढकलली तर आत बसलिंगप्पा खाटेवर पडलेला. त्याचा एकच हात हलतो. तो हात त्यानं वर केला आणि आमच्या घराच्या बाजूची भिंत दाखवली. तोंडातून काहीतरी आवाज काढत होता. भिंतीजवळ माठ होता. पाणी मागतोय, असं मी सगळ्यांना सांगितलं.

माणसांनी दारातल्या खड्ड्यावरची फरशी बाजूला केली. आत नळ होता, मोटार नव्हती. पण नळाच्या नळीला मधेच एक जुनं पितळी तोंड बसवलेलं होतं, हिरवट काळं पडलेलं.

"ही मोटार जोडायचीच जागा आहे," साहेब म्हणाले. "काढून लपवली असेल. तक्रार आहे, खूण आहे. तोडा."

"थांबा," मी म्हटलं. मला सगळं रीतसर व्हायला हवं होतं. "आधी पाणी किती येतंय ते दावते. मग तोडा." मी खड्ड्यात उतरले, नळ सोडला आणि धार बघायला तळवा त्याच्या तोंडाशी धरला.

धार आली नाही. नळानं माझा तळवा धरला. लहान पोर आईचं बोट चोखतं तसा तो माझा हात आत ओढत होता. मी हात सोडवला तर फुस्स असा हवेचा आवाज आला. पदराचं टोक नेलं, तर तेही आत ओढलं गेलं.

"या नळाला पाणी येतच नाही," साहेब वाकून म्हणाले. "शेजारचं कुणीतरी खेचतंय. आत्ता, या वेळेला." मग त्यांनी पलीकडच्या घराकडं बघितलं, आमच्या नव्हे, दुसऱ्या बाजूच्या. "तिकडं बघू. आजी, तुमचं घर सोडून सगळी बघू. तुम्हीच तर तक्रार केलीत." आणि माणसांना म्हणाले, "ही जोडणी बेकायदा आहे. ही आधी तोडून टाका, मग पुढं चला."

तेवढ्यात मागच्या बोळातून वळसा घालून सुंदरम्मा आली. डोक्यावर एक घागर, काखेत एक. साडी खांद्यापासून भिजलेली. दारातली गर्दी बघून ती जागीच थांबली.

"कुटं गेलती?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"दर्ग्याच्या मागं बोअर हाय की, अक्का. तितं." तिनं घागर उतरवली. "नळ कुटं चालतोय आमचा. पाडव्यापासनं थेंब न्हाई. पुढचं दार आतनं लावून मागनं जाते, मालक एकटेच असत्यात. ते तोंड लई वर्षांखालचं हाय, साहेब. मालकांनी एकदा मोटार लावलती, मीच काढाया लावली."

पाडव्यापासून. मी खड्ड्यात उभी होते आणि माझ्या पायाखालून काहीतरी थरथरत वर येत होतं. घूं असा तोच आवाज, पण आता भिंतीतून नव्हे. आमच्या ओवीच्या खालून. मी डाव्या हाताला बघितलं. हाताच्या अंतरावर आमची पायरी होती, पाडव्याला बसवलेली. तिच्यावर एक ठिकाणी सांडलेलं पाणी होतं आणि त्या पाण्यावर बारीक बारीक तरंग उठत होते. पायरीच्या वर, उंबऱ्यात ऋतुजा उभी होती. डोकं ओलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, सांगायची लाज वाटते. साहेब पुढं निघालेच होते. खणणाऱ्यानं सुंदरम्माच्या नळीला पाना लावला होता. मी नुसतं वर चढून माझ्या पायरीवर बसले असते तरी कुणी मला उठवलं नसतं. देवळात टाळ्या घेतलेल्या बाईला कोण उठवतं? माझं नाव राहिलं असतं, पोराचं राहिलं असतं. आणि भिंतीपलीकडं एका पांगळ्या माणसाच्या चादरीसाठी बाई पाऊस पडेपर्यंत दर्ग्याच्या मागून घागरी वाहत राहिली असती. नळ तर आधीच कोरडा होता, त्यानं काय बिघडणार, हेसुद्धा माझ्या मनात आलं. तेव्हा मात्र मला माझीच शिसारी आली.

"तो पाना ठिवा खाली," मी म्हटलं. "ही पायरी उचला."

"कुणाची?" साहेब म्हणाले.

"माझी. उचला म्हणते न्हवं."

दोघांनी पहार लावून फरशी वर केली. खाली विटांनी बांधलेला नीट चौकोन होता, आत निळी मोटार, एका बाजूनं नळाची नळी, दुसऱ्या बाजूनं आमच्या हौदाकडं गेलेली. वायर उंबऱ्याखालून घरात. फिटरचं काम, एक थेंब गळत नव्हता. ऋतुजा आत गेली आणि आवाज बंद झाला. त्याबरोबर सुंदरम्माच्या खड्ड्यातला नळ आधी फुरफुरला, आणि मग त्याला पाणी आलं. माझे पाय घोट्यापर्यंत भिजले.

मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "काखेत कळसा." पुढचं म्हणायची तिला गरज पडली नाही. तिच्या जागी मी असते तर मी पूर्ण म्हण म्हटली असती.

आमचा नळ तोडला. अण्णारावनं जाताना पायरीची फरशी परत बसवून द्यायला माणसांना सांगितलं. मी नको म्हटलं.

बिरुदेव दुपारी आला. उघडा खड्डा बघून त्याला विचारायचं काही उरलं नाही. त्यानं डबा खड्ड्याच्या काठावर ठेवला.

"आईला चोर ठरवलंस," मी म्हटलं. "गल्लीत तोंड वर करून बोलत हुते मी. माझी बचत, माझी बचत."

"तुला पाणी कमी पडत हुतं म्हणून न्हाई लावली," तो म्हणाला. "त्या दोऱ्यासाठी लावली. दोरा कोरडा पडला की तू हिच्यामागं लागायचीस. ही माहेरी निघालती. कपडे भरलं हुतं. मी म्हटलं, दोरा तेवढा ओला ठिवतो."

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

यावर ऋतुजा बोलली. लग्न होऊन आल्यापासून इतकं सरळ ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. "सांगितलं की, आत्या. नळाला कमी येतंय, म्हणून सांगितलं. डोक्याला फोड आल्यात, म्हणून सांगितलं. तुमी काठी दावली."

मी तिच्या डोक्याकडं बघितलं. केसांच्या भांगात अजून खपल्या होत्या. इतके दिवस मी तिचे केस ओले आहेत का कोरडे, एवढंच बघत होते. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा ते कळेना. मी काठी उचलली, दोऱ्याची गाठ सोडवायला गेले. पाण्यानं फुगून गाठ घट्ट झाली होती. दातांनी तोडावा लागला.

पुढच्या पाण्याच्या सकाळी मी घराबाहेर पडले नाही. हौदात तळाशी थोडं उरलं होतं, त्यात काठी सोडायची हिंमत नव्हती. बाहेर गल्लीत गलका सुरू झाला, पाणी आलं होतं, जोरात आलं होतं असं आवाजावरून वाटत होतं. मग आमच्या दारात काहीतरी फटकन पडलं. बघितलं तर पाइप. हिरव्या पाइपचं टोक आमच्या हौदाच्या झाकणावर पडून पाणी सांडत होतं, आणि दुसरं टोक सुंदरम्माच्या खड्ड्यात.

"धरा की, अक्का," ती पलीकडून म्हणाली. "वाया चाललंय."

मी पाइप धरला. तिनं तो नीट सरकवून दिला तेव्हा मला तिचे हात दिसले. घागरीच्या काठानं बोटांची पेरं सोलून काळी पडली होती. आईनं सांगितलं होतं हातांकडं बघ म्हणून. सगळ्या गल्लीचे हात बघितले मी, हे भिंतीपलीकडचे दोन सोडून.

"सुंदरम्मा," मी म्हटलं, "तुला ठावं हुतं. गल्लीत का न्हाई बोललीस?"

"गल्लीत बोलले असते तर नळ तुटला असता तुमचा," ती म्हणाली. "म्हणून तुमच्याकडंच आलते, अक्का. चटणी घेऊन." तिनं पाइपाला पडलेला पीळ सरळ केला. "जपून वापरा बरं का."

चेष्टा होती की काय, तिच्या तोंडावरून कळेना. असली तरी तिला तो हक्क होता.

हौद निम्मा भरल्यावर मी पाइप परत दिला. ऋतुजाला म्हटलं, "आज डोकं धू." ती माझ्याकडं बघत राहिली, यात काय डाव आहे ते शोधत. माझीच नजर होती ती, माझ्याच घरात शिकलेली. मग तिनं बादली भरून घेतली आणि न्हाणीचं दार लावलं.

मी तांदळाचं ताट घेऊन आत निघाले होते. वाट न्हाणीवरूनच जाते. आत तांब्याचा आवाज येत होता, एकामागून एक. मी दाराशी पोचले आणि माझ्या पावलांच्या आवाजानं आतला तांब्या थांबला. मी कडीला हात लावला नव्हता. तोंडही उघडलं नव्हतं. आत ती ओल्या अंगानं उभी होती, मी "पुरं की" म्हणायची वाट बघत.

मी ताट तिथंच खाली ठेवलं. तिला ऐकू जाईल असं पाय आपटत घराबाहेर गेले आणि बाहेरचं दार ओढून घेतलं. उघड्या खड्ड्याला वळसा घालून गल्लीत आले. ऊन चढलं होतं. सुंदरम्मा तिच्या पायरीवर चादरी पिळत बसली होती.

"काय अक्का, उन्हात का हुबारल्या?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "सून न्हातीया."

तिनं चादरींची बादली जरा सरकवली आणि मला बसायला जागा केली.